स्कॅनर म्हणतो अपाचे जुना, डीएनएफ म्हणतं सगळं अद्ययावत: अशा अहवालाचं काय करायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ (पुढे नुसतं ‘रेड हॅट ८’) वर चालणारा एक वेब सर्व्हर आहे, सोबत डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स वितरणाचं एक मशीन आहे. ग्राहकाच्या सुरक्षा टीमने बाहेरून त्रुटी शोधणारा स्कॅन केला. अहवालात अपाचे (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) २.४.३७ लाल रंगात, ओपनएसएसएच (दूरून लॉगिन करण्याचं सॉफ्टवेअर) ९.२ केशरी रंगात, खाली सीव्हीई क्रमांकांची, म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटींच्या ओळख क्रमांकांची भली मोठी यादी आणि प्रत्येक ओळीसमोर उपाय एकच: ताजी आवृत्ती टाका. इकडे डीएनएफ आणि ॲप्ट, म्हणजे अनुक्रमे रेड हॅट आणि डेबियनचे पॅकेज व्यवस्थापक, दोघंही सांगतात, नवं काही नाही. ग्राहकाने आठवड्याची मुदत दिली आहे. मग सोर्स उतरवून नवा अपाचे स्वतःच कंपाइल करावा का?

करू नका. या एका गोष्टीवर मी ठाम आहे, बाकी बरंच काही तुमच्या मशीनवर नेमकं काय आणि कुठून बसवलं आहे यावर अवलंबून आहे. आणि ‘स्कॅनरला काही कळत नाही’ असं म्हणून अहवाल बाजूला सारणंही तितकंच चूक आहे. त्या यादीत बहुतेक ओळी निराधार निघतील, पण दोन-चार खऱ्या असू शकतात, आणि त्या वेगळ्या काढणं हेच तुमचं काम आहे.

मुळात इथे दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. ‘आवृत्ती कोणती?’ हा एक प्रश्न आणि ‘ती विशिष्ट त्रुटी दुरुस्त झाली आहे का?’ हा दुसरा. मूळ प्रकल्पाकडून थेट घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर मिळतं. स्थिर वितरणांवर ते मिळत नाही.

रेड हॅट ८ मे २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यात अपाचे २.४.३७ होता. या वितरणाला दहा वर्षं आधार देण्याचं वचन आहे आणि त्या काळात अपाचेचा तो मूळ आकडा बदलत नाही. कारण साधं आहे: त्यावर लोकांनी आपले मॉड्यूल, आपल्या कॉन्फिग फायली, आपली ॲप्लिकेशन उभी केलेली असतात, आणि मंगळवारी रात्री अपडेट मारल्यावर बुधवारी सकाळी काही मोडलेलं त्यांना चालत नाही. म्हणून त्रुटी सापडली की वितरणाची टीम मूळ प्रकल्पाने केलेली तेवढीच दुरुस्ती उचलते, जुन्या कोडमध्ये बसेल अशी करून घेते, पॅकेज पुन्हा बांधते आणि आवृत्तीच्या शेवटी हायफननंतर येणारा रिलीज क्रमांक वाढवते. याला बॅकपोर्ट म्हणतात. रेड हॅट, डेबियन, उबुंटू, सुसे सगळे हेच करतात. २.४.३७ हा आकडा तसाच राहतो, हायफननंतरचा वाढत जातो. बाहेरून आलेल्या स्कॅनरला दिसतो तो हायफनआधीचा भाग, आणि खरी माहिती असते हायफननंतरच्या भागात.

तुमच्याच डेबियन मशीनवरचं उदाहरण घेऊ. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी जाहीर झाली, ‘रिग्रेसएसएच’ नावाने ती गाजली. लॉगिन न करता बाहेरून रूट मिळवण्याची शक्यता, म्हणजे गंभीरच. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती ९.८पी१ मध्ये दिली. डेबियन १२ ने त्याच दिवशी दुरुस्त पॅकेज दिलं, त्याची आवृत्ती १:९.२पी१-२+डेब१२यू३. ही ओळ डावीकडून वाचत चला. सुरुवातीचा १ हा डेबियनचा अंतर्गत क्रम आहे, पॅकेजांची तुलना करताना लागतो. ९.२पी१ ही मूळ आवृत्ती, ती कधीच हलणार नाही. त्यानंतरचा २ हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक. आणि शेवटचं ‘डेब१२यू३’ म्हणजे डेबियन १२ साठी आलेलं तिसरं अपडेट. तुम्हाला बघायचं आहे ते हे शेपूट. यू३ किंवा त्यापुढचं असेल तर ही त्रुटी त्या पॅकेजमध्ये नाही. ‘९.२ हे ९.८ पेक्षा लहान, म्हणून असुरक्षित’ एवढंच गणित मांडणारा स्कॅनर या शेपटाकडे बघतच नाही. डेबियन तर एसएसएचच्या बॅनरमध्येही (जोडणी होताच सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) ते शेपूट छापतं, तरी काही स्कॅनर ते वाचत नाहीत.

आता हीच त्रुटी रेड हॅट ८ वर बघा. तिथे ओपनएसएसएच आणखी जुना आहे, ८.०पी१. पण ही चूक कोडमध्ये परत शिरली ८.५पी१ पासून, त्यामुळे ८.० ला तिचा संसर्गच नव्हता. रेड हॅट ९ वर तेव्हा ८.७पी१ होता, त्याला मात्र तो होता, आणि तिथे ८.७पी१-३८.ईएल९_४.१ या पॅकेजमध्ये दुरुस्ती आली. एकाच त्रुटीची तीन मशीनवर तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही ठिकाणी फक्त मूळ आकड्याकडे पाहणाऱ्याचा निष्कर्ष एकच: ९.८ टाका.

अपाचेच्या बाबतीत तर २०२१ चा ऑक्टोबर आठवावा. सीव्हीई-२०२१-४१७७३ ही पाथ ट्रॅव्हर्सलची (ठरलेल्या डिरेक्टरीबाहेरच्या फायलींपर्यंत पोचता येण्याची) त्रुटी फक्त २.४.४९ मध्ये होती, म्हणजे तेव्हाच्या ताज्या आवृत्तीत. घाईने आलेल्या २.४.५० मधली दुरुस्तीही अपुरी ठरली आणि शेवटी २.४.५१ वर जावं लागलं. त्या आठवड्यात २.४.३७ वर बसलेल्या रेड हॅट ८ च्या लोकांना या प्रकरणात काहीच करावं लागलं नाही. जुनं नेहमीच सुरक्षित, असं मी म्हणत नाही. रेड हॅट ९ चं उदाहरण वर दिलंच आहे. आकड्यावरून दोन्ही दिशांनी काहीच सिद्ध होत नाही, एवढंच सांगायचं आहे.

मग अहवाल हाती आल्यावर मी काय करतो ते सांगतो. आधी प्रत्येक ओळीत ‘कशावरून ओळखलं’ हा भाग वाचतो. नेसस या स्कॅनरच्या कित्येक नोंदींत तळाशी स्पष्ट लिहिलेलं असतं की स्कॅनरने प्रत्यक्ष तपासणी केलेली नाही, सॉफ्टवेअरने स्वतः सांगितलेल्या आवृत्तीवर विसंबून नोंद केली आहे. ओपनव्हास या दुसऱ्या स्कॅनरमध्ये ओळखीची खात्री टक्क्यांत दिलेली असते: बॅनरवरून काढलेला अंदाज आणि त्यात पॅच पातळी कळत नसेल तर ३० टक्के, पॅकेज व्यवस्थापकाला विचारून काढलेलं उत्तर असेल तर ९७. ही माहिती अहवालातच असते, पण पीडीएफचा सारांश बनवताना गळून जाते. म्हणून ग्राहकाकडून नेहमी मूळ निर्यात फाइल मागून घ्या, रंगीत सारांशावर उत्तर लिहायला बसू नका.

ज्या ओळी केवळ बॅनरवर उभ्या आहेत त्या एका ढिगात. ज्या प्रत्यक्ष वागणुकीवरून आल्या आहेत त्या दुसऱ्यात: सर्व्हर अजून टीएलएस १.० हा जुना एन्क्रिप्शन प्रोटोकॉल स्वीकारतो, कमकुवत सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) चालू आहे, डिरेक्टरीची यादी उघडी दिसते, किंवा डिसेंबर २०२३ मधली एसएसएचची टेरापिन त्रुटी स्कॅनरने हस्तांदोलन (जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण) करून तपासली आहे. या दुसऱ्या ढिगाशी बॅकपोर्टचा संबंध नाही. तिथे स्कॅनरने स्वतः पाहिलं आहे, तेव्हा वाद न घालता दुरुस्त करा. माझा अनुभव असा की लोक पहिल्या ढिगावर इतके वैतागतात की दुसरा वाचतच नाहीत, आणि खरं दुखणं तिथे असतं.

पहिल्या ढिगातल्या प्रत्येक सीव्हीईसाठी पुरावा गोळा करायचा. रेड हॅटवर आरपीएमला (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारं साधन) त्या पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, मागा आणि ग्रेप लावून सीव्हीई क्रमांक शोधा. डेबियनवर डॉक्युमेंटेशनच्या डिरेक्टरीत त्या पॅकेजचा दाबलेला चेंजलॉग असतो, तो झेडलेस कमांडने उघडतो. ॲप्टकडूनही तो मागवता येतो. क्रमांक सापडला तर कोणत्या रिलीजमध्ये दुरुस्ती आली ते तिथेच कळतं.

क्रमांक सापडला नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. त्याचे किमान तीन अर्थ होतात: दुरुस्ती झालेली नाही, किंवा ती त्रुटी या आवृत्तीत कधी नव्हतीच, किंवा दुरुस्ती झाली पण चेंजलॉगमध्ये क्रमांक लिहिलेला नाही. यातलं कोणतं खरं हे वितरणाच्या स्वतःच्या सीव्हीई पानावरून ठरतं. डेबियनचा सुरक्षा ट्रॅकर, उबुंटूची सीव्हीई पानं, रेड हॅटचा सीव्हीई डेटाबेस, तिन्हीकडे प्रत्येक त्रुटीसमोर प्रत्येक आवृत्तीची स्थिती दिलेली असते. अंतिम शब्द म्हणून मी तेच धरतो. तिथे कधी असंही लिहिलेलं सापडेल की ‘बाधित आहे, पण दुरुस्ती देणार नाही’ किंवा ‘किरकोळ, स्वतंत्र सुरक्षा सूचना नाही’. ही ओळ लपवायची नाही. इथे स्कॅनरचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. वितरणाच्या टीमने धोका तोलून निर्णय घेतला आहे, आणि तो निर्णय तुमच्या परिस्थितीला लागू पडतो का हे तुम्ही ठरवायचं आहे.

हे ठरवताना त्रुटीचं वर्णन शेवटपर्यंत वाचण्याला पर्याय नाही. अपाचेमधली सीव्हीई-२०२१-४४७९० ही गंभीरतेच्या मोजपट्टीवर दहापैकी ९.८ गुणांची त्रुटी अहवालात पाहिली की धडकी भरते. पण ती आहे मॉडलुआ या लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या मॉड्यूलच्या मल्टिपार्ट (तुकड्यांत आलेला मजकूर) वाचण्याच्या कोडमध्ये, आणि लुआ स्क्रिप्ट लिहून तिच्यातून विनंतीचा मजकूर वाचला जात असेल तरच तिथवर पोचता येतं. तुमच्याकडे एकही लुआ स्क्रिप्ट नसेल तर पॅच लावायची घाई किती हे त्यावरून ठरवता येतं. पॅच मात्र लावायचाच. ‘आम्ही ते वापरत नाही’ हे उत्तर आज खरं असतं, सहा महिन्यांनी दुसऱ्याच कुणीतरी ते मॉड्यूल वापरायला घेतलेलं असतं.

आता ज्या एका गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती. पॅकेज अद्ययावत आहे म्हणजे डिस्कवरची फाइल अद्ययावत आहे. मेमरीत चालणारी प्रक्रिया तीच फाइल वापरते आहे असं नाही. ओपनएसएसएलचं अपडेट आलं, डीएनएफने लायब्ररी बदलली, पण तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली एखादी सेवा जुनीच लायब्ररी पोटात घेऊन चालू असते. आरपीएमला विचारलं तर तो नवा क्रमांक सांगेल, चेंजलॉगमध्ये सीव्हीई सापडेल, तुम्ही पुराव्यासह उत्तर पाठवाल, आणि ती सेवा प्रत्यक्षात असुरक्षितच असेल. रेड हॅटवर नीड्स-रीस्टार्टिंग आणि डेबियनवर नीडरीस्टार्ट ही साधनं अशा प्रक्रिया दाखवतात. हाताने बघायचं तर प्रॉक डिरेक्टरीतल्या त्या प्रक्रियेच्या मॅप्स फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो. कर्नलचंही तसंच: बसवलेला कर्नल आणि युनेम कमांड दाखवते तो चालू कर्नल वेगळे असतील तर रीबूट बाकी आहे. माझा नियम असा की उत्तर लिहिण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

आणखी काही जागा आहेत जिथे ‘आमच्याकडे बॅकपोर्ट असतात’ ही ढाल चालत नाही. वितरणाचा आधारच संपलेला असेल तर बॅकपोर्ट करणार कोण? सेंटओएस ७ आणि डेबियन १० चा विस्तारित आधार, दोन्ही ३० जून २०२४ ला संपले; अशा मशीनवर स्कॅनर जे म्हणतो ते बहुतेक खरं असतं आणि उत्तर स्थलांतर हेच. दुसरं, पॅकेज कुठून आलं ते बघा. त्रयस्थ रेपॉझिटरीतून घेतलेलं पीएचपी, ऑप्टमध्ये कुणीतरी उघडून ठेवलेला टॉमकॅट, कंटेनरच्या इमेजमधली लायब्ररी, पिप किंवा एनपीएमने (पायथन आणि नोडजेएसची पॅकेज साधनं) आणलेल्या गोष्टी, यातलं काहीही वितरणाची सुरक्षा टीम सांभाळत नाही. उबुंटूमध्ये ‘युनिव्हर्स’ विभागातल्या पॅकेजांना ‘मेन’सारखी सुरक्षा हमी नसते, तिथल्या बऱ्याच दुरुस्त्या उबुंटू प्रो जोडल्यावरच मिळतात. आणि रेड हॅट ८ वर मॉड्यूल स्ट्रीमचा (एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या शाखा) आधार संपूर्ण वितरणाइतका असेलच असं नाही. पीएचपी, नोडजेएस यांच्या काही स्ट्रीम फार आधी संपतात, आणि तेव्हा डीएनएफ तुम्हाला ओरडून काही सांगत नाही. तो फक्त म्हणतो, नवं काही नाही. हे वाक्य ‘सगळं दुरुस्त आहे’ असं वाचू नका. मशीन एखाद्या जुन्या किरकोळ आवृत्तीला बांधून ठेवलं असेल तरीही हेच वाक्य दिसतं.

ग्राहकाला उत्तर देताना ‘हे चुकीचे इशारे आहेत’ असं सरसकट लिहू नका. त्यांच्या टीममधल्या माणसालाही वर कुणाला तरी कागद दाखवायचा असतो, त्याच्या हातात काहीतरी द्या. एका ओळीला एक उत्तर. नमुना असा: ‘सीव्हीई-२०२४-६३८७, ओपनएसएसएच. बसवलेलं पॅकेज १:९.२पी१-२+डेब१२यू३. डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरनुसार याच पॅकेजपासून दुरुस्त. चेंजलॉगचा उतारा सोबत. अपडेटनंतर सेवा पुन्हा सुरू केली आहे, प्रक्रियेची सुरुवात वेळ सोबत. स्थिती: बंद.’ इतकं पुरतं. जिथे दुरुस्ती नाही तिथे ‘स्थिती: धोका स्वीकारला’ असं लिहा, कारण द्या, कुणी स्वीकारला त्याचं नाव आणि पुन्हा तपासायची तारीख लिहा. स्कॅन पीसीआय डीएसएस या कार्ड पेमेंटच्या सुरक्षा मानकासाठी असेल तर हे आणखी काटेकोर करावं लागतं, कारण तिथे ४.० किंवा त्याहून जास्त गुणांची त्रुटी असली की बाह्य स्कॅन नापास होतो. पण पुरावा देऊन नोंद आव्हानित करण्याची रीतसर पद्धतही तिथे आहे, आणि बॅकपोर्ट हे तिथलं नेहमीचं कारण आहे.

हे दर तिमाहीला हाताने करत बसायचं नसेल तर स्कॅन आतून करून घ्या. स्कॅनरला मर्यादित हक्कांचं खातं द्या, म्हणजे तो बॅनर वाचण्याऐवजी पॅकेजची पूर्ण आवृत्ती वाचेल आणि वितरणांनीच प्रसिद्ध केलेल्या ओव्हल किंवा व्हेक्स (कोणत्या पॅकेजला कोणती त्रुटी लागते हे सांगणारे, यंत्राला वाचता येणारे स्वरूप) माहितीशी ती जुळवेल. लाल ओळी झपाट्याने कमी होतात आणि उरतात त्यांच्याकडे लक्ष देण्यात अर्थ असतो. काही ग्राहक खातं द्यायच्या कल्पनेला बिचकतात, विशेषतः स्कॅन करणारी संस्था बाहेरची असेल तर. मग आतला स्कॅन तुम्ही स्वतः चालवा आणि त्याचा निकाल बाहेरच्या अहवालाला जोडून द्या.

कंपाइल करायला मी पहिल्याच ओळीत नाही का म्हटलं, ते आता नीट सांगता येईल. आज सोर्समधून ताजा अपाचे बसवलात तर उद्याचा स्कॅन हिरवा येईल. पण त्या क्षणापासून डीएनएफला त्या अपाचेबद्दल काही माहीत नसेल. पुढची त्रुटी येईल तेव्हा अपडेट आपोआप येणार नाही. सूचना वाचायची, सोर्स आणायचा, तेच पर्याय देऊन बांधायचा, चाचणी करायची, हे सगळं तुमच्यावर. एसईलिनक्सची लेबलं, सिस्टमडीची युनिट, लॉग फिरवणं, मॉड्यूलची जुळणी हेही तुमच्यावर. तुम्ही नोकरी बदललीत तर ते मशीन कुणाचंच नाही. अशी अनाथ मशीन मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत: ऑप्ट किंवा युजर लोकलमध्ये कधीकाळी ‘स्कॅन पास करण्यासाठी’ बसवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याला कुणाचा हात लागलेला नाही. स्कॅनरची तक्रार मिटवायला म्हणून केलेलं काम तिथे खरी त्रुटी होऊन बसलेलं असतं.

नवी आवृत्ती खरोखरच हवी असेल, म्हणजे एखादी सोय जुन्यात नाहीच, तर रस्ते आहेत: आधार असलेली नवी मॉड्यूल स्ट्रीम, किंवा वितरणाच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर स्थलांतर. डेबियनचं बॅकपोर्ट्स भांडारही आहे, पण तिथल्या पॅकेजांना स्थिर शाखेइतकी सुरक्षा टीमची हमी नाही, हे धरून चला.

राहिला प्रश्न बॅनरच लपवण्याचा, जो अशा वेळी हमखास सुचवला जातो. अपाचेमध्ये सर्व्हरटोकन्स हे सेटिंग ‘प्रॉड’ केलं की आवृत्ती दिसेनाशी होते आणि त्यावर आधारलेल्या ओळी गळतात. ते करायला हरकत नाही, मीही करतो, बाहेरच्याला फुकट माहिती कशाला द्यायची. पण ते ग्राहकाला उत्तर देऊन झाल्यावर करा, आधी नाही. मुदत चालू असताना बॅनर गायब झाला तर समोरच्या टीमला तुम्ही काहीतरी दडवताय असं वाटतं, आणि नंतर दिलेला खरा पुरावाही ते संशयाने वाचतात. तुमच्याकडे आठवडा आहे: आधी मूळ निर्यात फाइल मागवा आणि आजच्या आज नीड्स-रीस्टार्टिंग चालवून बघा.